तंबू वरून गळत नाही, तरी अंथरूण खालून भिजतं (माझा अनुभव)

आम्ही ठाण्याहून मुरबाडकडे जातो, बहुतेकदा परतीच्या पावसात. दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळी गडगडाट. पहाटे छत कोरडं, शिवणी कोरड्या, पण अंथरूण खालून ओलं. शिवणींना सीलर लावला, वॉटरप्रूफ स्प्रे मारला, खाली आणखी मोठी ताडपत्री टाकली. त्याने तर जास्तच भिजलं. अक्षरशः वैताग!

घोळ ताडपत्रीचाच होता. तंबूबाहेर डोकावणाऱ्या कडेवर वरच्या कव्हरचं पाणी ओघळतं, तळाखाली साचतं आणि अंगाच्या दाबाने कापडातून वर येतं.

आता आधी किंचित उंचवट्याची जागा बघतो. शेताचा बांध जिथे पाणी अडवतो, तिथे नाही. मग ताडपत्री अंथरून वर तंबू उभा करायचा, खुंट्या ठोकायच्या. त्यानंतर ताडपत्रीच्या चारही कडा तळापेक्षा तीन-चार इंच आत जातील अशा खालच्या बाजूला दुमडायच्या. वरच्या बाजूला दुमडल्या तर पन्हळ तयार होते. शेवटी कव्हरचे दोर ताणायचे, म्हणजे पाणी तंबूपासून लांब पडतं. पाऊस थांबला की दोर पुन्हा ताणा, नायलॉन भिजून सैल पडतं.

भोवती चर खणू नका. गरज पडत नाही, शिवाय जमीनमालक बोलतो ते वेगळंच.