आरोग्य संस्थेत जनसंपर्काची इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

पत्रकारितेच्या किंवा जनसंवादाच्या विद्यार्थ्याला गोव्यात आरोग्यक्षेत्रातल्या सेवाभावी संस्थेत इंटर्नशिप मिळाली की पहिल्याच आठवड्यात तीन कामे हातात पडतात: शिबिराची प्रेस नोट, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट आणि ‘एखाद्या रुग्णाची चांगली गोष्ट’. कॉलेजच्या महोत्सवाची प्रसिद्धी केलेल्या मुलांना ही कामे ओळखीची वाटतात. फरक एवढाच की महोत्सवाच्या पोस्टरवर चूक झाली तर दिलगिरी व्यक्त करून भागते. इथे चूक झाली तर भुर्दंड रुग्णाला पडतो. बातमी किती मोठी छापून आली हे नंतर बघा. जिच्याविषयी लिहिले ती व्यक्ती पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणीला येईल का, हे आधी बघा.

चेहरा धूसर केला म्हणजे ओळख लपली, हा समज

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होते, म्हणून इथे जरा थांबू. मुंबईत ‘४५ वर्षांची शिक्षिका’ एवढे लिहिले तर कोणाला काही कळणार नाही. पण ‘डिचोली तालुक्यातल्या अमुक गावातली, निवृत्त शिक्षिका, मुलगा बोटीवर’ असे लिहिले की त्या वाड्यावर संध्याकाळपर्यंत नाव कळलेले असते. गोव्यात गाव, व्यवसाय आणि कुटुंबातला एक तपशील अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की ओळख पटते. त्यामुळे तालुका सांगायचा असेल तर व्यवसाय वगळा आणि व्यवसाय महत्त्वाचा असेल तर फक्त ‘उत्तर गोवा’ किंवा ‘दक्षिण गोवा’ म्हणा. वय नेमके न देता ‘पन्नाशीतल्या’ असे लिहिले तरी मजकुराचे काही बिघडत नाही.

फोटोत चेहऱ्यापेक्षा मागची बाजू जास्त बोलते. घराचा सोपो (दारातला बसायचा ओटा), अंगणातले तुळशीवृंदावन किंवा खुरीस (क्रूस), दारातल्या स्कूटरचा नंबर, टेबलावरचा केसपेपर, औषधाच्या पाकिटावरचे नाव हे सगळे फोटो मोठा करून वाचता येते. फोटो पाठवण्यापूर्वी मोबाइलवर तो दुप्पट-तिप्पट मोठा करा आणि चारही कोपरे तपासा. रुग्णाचा फोटो घ्यायचाच असेल तर हात, पाठमोरी आकृती किंवा संस्थेतली रिकामी खुर्ची चालते. घरात जाऊन फोटो काढणे टाळा.

एक तांत्रिक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीप्रमाणे पाठवला तर त्याचा आकार आणि दर्जा कमी होतो आणि तो छपाईला कमी पडतो, म्हणून वृत्तपत्रे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागतात. तसा पाठवलेला फोटो मूळ फाइलच असतो, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते ठिकाणही त्या फाइलसोबत जाते. इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. आधी काढलेल्या फोटोतले लोकेशन फोटोच्या माहितीच्या पानावरून काढून टाका.

‘त्यांनी हो म्हटलं होतं’

तोंडी होकार म्हणजे संमती नव्हे. उपचार करणारे डॉक्टर शेजारी उभे असताना मिळालेला होकार तर अजिबात नव्हे, कारण नाही म्हटले तर उपचारात फरक पडेल अशी भीती रुग्णाला असते. संमतीपत्र एका पानाचे असावे आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: नेमके काय वापरणार (फोटो, आवाज, नाव, मजकूर), कुठे वापरणार (वृत्तपत्र, इन्स्टाग्राम, वार्षिक अहवाल), किती काळ, आणि विचार बदलला तर कोणाला फोन करायचा. वृत्तपत्रात छापलेले परत घेता येत नाही, हेही त्यात लिहा. पत्र त्या व्यक्तीच्या भाषेत हवे. डिचोलीत मराठी चालेल, सासष्टीत रोमी (रोमन) लिपीतली कोंकणी लागेल, झुआरीनगरमध्ये कन्नड किंवा हिंदी. वाचता येत नसेल तर संस्थेबाहेरच्या साक्षीदारासमोर वाचून दाखवा. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवीच. शिवाय मूल कळत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारा. सही घेतल्यावर दोन दिवसांनी, तयार मजकूर वाचून दाखवून पुन्हा विचारा. या दुसऱ्या वेळी बरेच जण एखादे वाक्य काढायला सांगतात. ते काढा.

यामागे कायदाही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. एचआयव्ही आणि एड्स अधिनियम २०१७ एखाद्याची एचआयव्हीविषयक माहिती संमतीशिवाय उघड करू देत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख पटेल असा तपशील पोक्सो कायद्याखाली (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा) माध्यमांत देता येत नाही, त्यात शाळा आणि शेजारही आला. ‘मी फक्त इंटर्न आहे’ हा बचाव कुठेच चालत नाही.

तपासणीला निदान म्हणणे

शिबिराच्या बातमीत हमखास येणारे वाक्य: ‘शिबिरात ४० जणांना उच्च रक्तदाब आढळला.’ असे आढळत नसते. शिबिरात रांगेत उभे राहून, चालत येऊन, घाबरून मोजलेला एक आकडा १४०/९० च्या वर गेला म्हणजे उच्च रक्तदाब ठरत नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा लागतो. बोटातून रक्त घेऊन केलेल्या साखरेच्या तपासणीचेही तेच. म्हणून ‘४० जणांना पुढील तपासणीचा सल्ला देण्यात आला’ असे लिहा. चुकीच्या वाक्याचा त्रास संस्थेलाच होतो: लोक उगाच गोळ्यांच्या धास्तीने पुढच्या शिबिराला फिरकत नाहीत.

‘५०० जणांनी लाभ घेतला’ हा आकडा कुठून आला तेही विचारा. नावनोंदणी, प्रत्यक्ष तपासणी आणि पुढे पाठवलेले असे तीन आकडे नोंदवहीतून स्वतः मोजून घ्या आणि बातमीत कोणता आकडा कशाचा हे सांगा.

रक्तदानाच्या पोस्टरवर ‘कोणीही रक्तदान करू शकतो’ असे छापू नका. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आणि मागच्या रक्तदानानंतर पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर एवढे पोस्टरवर असले की दारातून परत जाणाऱ्यांची संख्या कमी होते. परत पाठवलेला तरुण पुढच्या वेळी येत नाही, म्हणून हा तपशील महत्त्वाचा. वैद्यकीय वाक्य असलेला प्रत्येक मजकूर संस्थेच्या डॉक्टरांकडून ईमेलवर मंजूर करून घ्या. जिन्यात ‘ठीक आहे’ म्हटलेले नंतर कोणालाच आठवत नाही.

आत्महत्या प्रतिबंधाविषयी लिहिताना पद्धत, ठिकाण, चिठ्ठीतला मजकूर यातले काहीही देऊ नका आणि एकच कारण पुढे करू नका. शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. कोणताही क्रमांक छापण्यापूर्वी तो स्वतः लावून बघा. दोन हजार पत्रके छापून झाल्यावर एक आकडा चुकल्याचे कळले तर गठ्ठा रद्दीत जातो.

प्रेस नोट संपादकाच्या टेबलावरच अडकते, ती का?

बहुतेक वेळा कारण साधे असते. मजकूर पीडीएफमध्ये किंवा जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेला असतो आणि वृत्तपत्राच्या संगणकावर त्याची अक्षरे विस्कटतात. उपसंपादकाला तीनशे शब्द पुन्हा टाइप करायला वेळ नसतो. युनिकोडमधला मजकूर थेट ईमेलमध्ये चिकटवा, सोबत वर्ड फाइल जोडा. २५० ते ३०० शब्द पुरेत. पहिल्या दोन वाक्यांत काय, कुठे, केव्हा आणि वाचकाने काय करायचे हे यावे. प्रमुख पाहुण्यांची यादी, दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन याने सुरुवात केलेली नोट कापताना नेमका शिबिराचा पत्ता उडतो, कारण तो शेवटी असतो.

इंग्रजी नोटचे यंत्राने केलेले मराठी भाषांतर पाठवू नका. मराठी दैनिकांना मराठीत, ‘भांगरभूंय’ला देवनागरी कोंकणीत, ‘हेराल्ड’ किंवा ‘नवहिंद टाइम्स’ला इंग्रजीत अशी स्वतंत्र लिहिलेली नोट द्या. काणकोण किंवा सत्तरीतला कार्यक्रम असेल तर पणजीच्या कार्यालयाइतकाच तिथला तालुका प्रतिनिधी महत्त्वाचा. कार्यक्रमाची बातमी त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोहोचवा. फोटो दोनच द्या, फोटोखालच्या ओळीत ‘डावीकडून’ नावे आणि हुद्दे लिहा. रात्री आठनंतर ‘बातमी लागणार का?’ असा फोन करू नका; तेव्हा पाने लावण्याची घाई असते.

तारीख निवडतानाही घोळ होतो. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी असतो आणि आदल्या दिवशी गोव्याचा घटक राज्य दिन, त्यामुळे त्या पानांवर सरकारी कार्यक्रमांची गर्दी. एड्स दिन १ डिसेंबरला. तेव्हा जुन्या गोव्यात नवेने (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) चालू असतात आणि ३ तारखेला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त. १० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिन बऱ्याच वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास येतो, तेव्हा गावात हॉल मिळत नाही आणि माणसेही. अशा वेळी आठवडाभर आधी लेख द्या आणि कार्यक्रम नंतर घ्या. दिनविशेष काही पळून जात नाही.

देणगीचे आवाहन सर्वांना एकच पाठवणे

गोव्यात ही चूक विशेष महागात पडू शकते. लंडन किंवा लिस्बनमधल्या गोंयकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संस्थेचा क्यूआर कोड टाकला की झाले असे वाटते. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली व्यक्ती कायद्याने परदेशी नागरिक असते. तिची देणगी रुपयांत आली तरी ती परदेशी देणगी ठरते आणि तिला २०१० चा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा, लागू होतो. संस्थेकडे त्याची नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यायला हवेत. उलट आखातात किंवा जहाजावर काम करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत. आवाहनाचे दोन वेगळे मजकूर करा आणि खाते क्रमांक हिशेबनिसाकडून तपासून घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हेही आवाहनात सांगा.

चूक झालीच तर

आकडा किंवा नाव चुकीचे छापले असेल तर आधी बातमीदाराला फोन करा, मग ईमेलवर दोनच ओळी पाठवा: काय छापले, काय हवे होते. संकेतस्थळावरची बातमी तासाभरात दुरुस्त होऊ शकते, त्यासाठी दुवाही द्या.

रुग्णाची ओळख बाहेर गेली तर क्रम वेगळा. प्रथम आपली पोस्ट काढा, त्याच वेळी मार्गदर्शकाला कळवा, वृत्तपत्राच्या ऑनलाइन विभागाला फोन करा आणि त्या व्यक्तीला शेजाऱ्यांकडून कळण्याआधी संस्थेतल्या तिच्या विश्वासातल्या माणसाने सांगावे. जाहीर खुलासा करू नका. ‘अमुक व्यक्तीचे नाव चुकून आले’ अशी पोस्ट तेच नाव आणखी हजार जणांपर्यंत नेते.

शेवटच्या आठवड्यात राहून जाणाऱ्या गोष्टी

संस्थेचे इन्स्टाग्राम खाते तुमच्या मोबाइल क्रमांकावर उघडले असेल तर पासवर्ड विसरल्यावरचा ओटीपी वर्षभर तुमच्याकडेच येत राहील. क्रमांक बदलून संस्थेचा घाला, पान चालवणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचे नाव काढा. कॉलेजच्या अहवालात कात्रणांची लांबी मोजून ‘एवढ्या रुपयांची प्रसिद्धी’ असे लिहू नका. नोंदणीच्या टेबलावर ‘शिबिराची माहिती कुठून कळली?’ हा एक प्रश्न ठेवला असेल तर त्याची उत्तरे जास्त खरे सांगतात. पोर्टफोलिओत प्रेस नोट, पोस्टर, कात्रणे ठेवा. रुग्णांचे फोटो आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणे संस्थेकडे सोपवून मोबाइलमधून काढा. फक्त गॅलरीतून नव्हे: गुगल फोटोजचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट आणि कचरापेटी हेही रिकामे करा, कारण काढलेला फोटो तिथे बरेच दिवस तसाच पडून राहतो.