दगडखाणीच्या जागेवरची झाडोऱ्याची पाहणी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्र शिकून खाणीच्या नियोजित जागेवर पाहणीला निघालेल्या मुलामुलींना मी आधी एकच गोष्ट सांगते. प्रजातींची यादी तर करायचीच आहे, पण खरं काम आहे नकाशावर रेषा काढण्याचं. खडकावरचा समुदाय, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या वनस्पतींचा गट, कुठे संपतो, गवताळ भाग कुठून सुरू होतो, ओल कुठवर आहे हे दाखवायचं. खड्डा, मुरमाचा ढिगारा आणि डंपरचा रस्ता कुठे येणार, यावरची पुढची सगळी चर्चा या रेषांवरच होते.

माझ्या पहिल्या कामात मी ही रेषा चुकवली. उपग्रहाच्या चित्रात खडक करडा आणि गवत हिरवट दिसत होतं. रंग जिथे बदलला तिथे मी घरीच रेघ ओढली. जागेवर गेल्यावर त्या करड्या भागात, उताराच्या खालच्या अंगाला, दोन हात रुंदीची ओलसर पट्टी दिसली. गुडघे टेकून पाहिलं तर नखाहून लहान जांभळी फुलं दाटीने उभी होती. ती युट्रिक्युलारिया, म्हणजे आपली सीतेची आसवं. शेजारी ड्रॉसेरा, म्हणजे दवबिंदू. त्याच्या लालसर पानांवर चिकट थेंब होते आणि एका थेंबात चिलट अडकलेलं होतं. दोन्ही कीटकभक्षी. अशा ओल्या, निकस जागेत मातीतून नत्र फारसं मिळत नाही, ते या वनस्पती किड्यांकडून मिळवतात. चित्रात त्या पट्टीच्या रुंदीने एक ठिपकाही भरला नसता, आणि तिथला समुदाय मात्र भोवतालच्या खडकापेक्षा पूर्ण वेगळा होता.

तेव्हापासून पहिला दिवस मी वही बंद ठेवून नुसती चालते. माथ्यावरून पायथ्याकडे, आणि पाझर दिसला की उलट वर. मातीचा थर किती जाड आहे, पाणी कुठे साचतं, भेगांमध्ये काय उगवलंय, हे एकदा नजरेत बसलं की चौकटी कुठे टाकायच्या ते आपोआप सुचतं.

चौकट, म्हणजे क्वाड्रॅट, गवत आणि लहान रोपांसाठी 1 × 1 मीटरची पुरते. झुडपांना 5 × 5 आणि झाडांना 10 × 10 किंवा त्याहून मोठी लागते. एका समुदायात किती चौकटी टाकायच्या, याचं उत्तर जागाच देते. प्रत्येक चौकटीत नव्या प्रजाती किती वाढल्या ते लिहीत जा. ती वाढ जवळजवळ थांबली की थांबायला हरकत नाही. व्याप्ती, म्हणजे चौकटीचा किती भाग एखादी प्रजाती झाकते ते, ब्राउन-ब्लांके पट्टीने मांडतात: 5 टक्क्यांखाली 1, 5 ते 25 ला 2, 25 ते 50 ला 3, 50 ते 75 ला 4, त्यावर 5. नवख्यांचा अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो, विशेषतः फुललेल्या झाडाच्या बाबतीत. 1 मीटरच्या चौकटीत 10 × 10 सेंटिमीटर म्हणजे बरोबर 1 टक्का. तेवढा पुठ्ठ्याचा तुकडा कापून सोबत ठेवा, आठवडाभरात नजर तयार होते.

गवतांना घाबरू नका, पण त्यांना टाळूही नका. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली की बहुधा तीन कडा हाताला लागतात, गवताची दांडी गोल किंवा चपटी लागते. पुढची ओळख पान आणि त्याचं दांडीभोवतीचं आवरण जुळतं तिथल्या पातळ जिभलीवरून, त्यासाठी 10 पट भिंग गळ्यात हवंच. नमुना मुळासकट घ्या आणि फुलाचा रंग तिथेच लिहा, कारण वाळल्यावर तो उडतो. नमुने दाबून वाळवायच्या दाबपट्टीतले कागद रोज बदला. एखाद्या रोपाची मोजकीच डोकी असतील तर उपटू नका, फोटो पुरे. आणि नाव लागलं नाही तर फक्त वंश, म्हणजे जीनस, लिहा. ओढूनताणून लावलेलं नाव पुढे प्रत्येक तक्त्यात फिरत राहतं.

एकटं जाऊ नये, जुन्या खड्ड्याच्या कडेशी उभं राहू नये, बुटांना चिकटलेलं तणांचं बी दुसऱ्या जागेवर नेऊ नये. हे सगळं गृहीत धरते.

ऋतूबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. सीतेच्या आसवांचे सापळे, ते बारीक फुगे, ओल्या मातीत असतात. वर दिसतं ते जवळजवळ फक्त फूल. कोरड्या दिवसांत तुम्ही त्याच पट्टीवरून चालत गेलात तर उघड्या दगडाशिवाय काही दिसणार नाही. म्हणून एका भेटीवर 'महत्त्वाची प्रजाती नाही' असं लिहू नका. 'अमुक तारखांना, इतक्या चौकटींत, इतके तास शोधलं, आढळली नाही' असं लिहा. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. घाईत असलेलं कुणीतरी तुम्हाला 'सरळ पडीक लिहा ना' असं सुचवेलही. पडीक हा शेताचा शब्द आहे, समुदायाचं नाव नाही. तिथे जे वाढतंय त्याचं नाव लिहा.

पाहणीची हद्द खड्ड्याच्या रेषेवर संपवू नका. धूळ पानांवर बसते, कडेने तण घुसतं, पाण्याची वाट बदलते. त्या ओल्या पट्टीचं पाणी कुठून येतं हे शोधत मी वर गेले, तेव्हा ते खडकातल्या एका भेगेतून झिरपत होतं. पट्टी खाणीच्या हद्दीबाहेर होती, भेग मात्र खड्ड्याच्या रेषेच्या आत. खड्डा तिथवर आला असता तर पट्टीला कुणी हातही न लावता ती सुकली असती. अशा नुकसानीची भरपाई दुसरीकडे झाडं लावून होत नाही. अहवालात मी पहिला पर्याय नुकसान टाळण्याचाच लिहिला: भेग खड्ड्याबाहेर राहील इतकी खड्ड्याची कड मागे घ्या, आणि पाझर सुरू असलेल्या महिन्यांत त्याच्या पाण्याची दर पंधरवड्याला नोंद ठेवा. नकाशात त्या भेगेला वेगळा क्रमांक दिला आणि पट्टीपासून तिच्यापर्यंत निळी रेघ काढली.