ताब्याच्या वादातल्या मुलाचं मूल्यमापन: या चुका टाळा

आईवडील वेगळे होताना न्यायालय मुलाला मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतं, तेव्हा न्यायालयाला जाणून घ्यायचं असतं की या मुलाच्या गरजा काय आहेत आणि दोघांपैकी कोण त्या कितपत भागवू शकतं. नवख्यांचे अहवाल वाचले की उत्तर भलत्याच प्रश्नाचं दिलेलं दिसतं: मूल कोणाच्या बाजूचं? बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

"तुला कोणाकडे राहायचंय?"

हा प्रश्न विचारूच नका. पहिल्या भेटीत नाही, शेवटच्या भेटीतही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यात एकच गोष्ट ऐकू येते: दोघांपैकी एकाला सोड. मूल दाराकडे बघतं, कारण दाराबाहेर त्याला घेऊन आलेलं माणूस बसलेलं असतं, आणि घरी परत त्याच्याचबरोबर जायचं असतं. मग येणारं उत्तर बाहेर बसलेल्या माणसाला ऐकवायचं असतं.

त्याऐवजी दिवस उलगडायला सांगा. "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, सगळं सांग." उठवलं कोणी, शाळेची तयारी कोणी करून घेतली, अभ्यासाला शेजारी कोण बसलं, रात्री घाबरून जाग आली तर हाक कोणाला मारतोस. दुसऱ्या घरातला एक दिवसही असाच सांगून घ्या. असे दोन दिवस ऐकले की कोणाकडे काय मिळतं हे मुलावर ओझं न टाकता कळतं.

मूल आपणहून म्हणालं, "मला आईकडेच राहायचंय", तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि कारणं शांतपणे ऐका. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 12 वं कलम मुलाला त्याच्याबद्दलच्या निर्णयात मत मांडायचा हक्क देतं. मत मांडायचा हक्क असणं आणि निवाडा करायची सक्ती होणं या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि उत्तर त्यातच भरलेलं

मुलाखतीतली सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती बहुतेक वेळा घाईतून होते. "बाबांनी मारलं ना?" मूल म्हणतं नाही. "नक्की? घाबरू नकोस, सांग." मूल गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर मूल "हो" म्हणतं आणि अहवालात लिहिलं जातं, "मुलाने मारहाणीस दुजोरा दिला." लहान मुलाला तोच प्रश्न पुन्हा आला की आधीचं उत्तर चुकलं असंच वाटतं, म्हणून ते बदलतं.

लाइक्टमन आणि सेसी या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा. सॅम स्टोन नावाचा माणूस बालवाडीत दोनेक मिनिटं आला, कशालाही हात न लावता निघून गेला. काही मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की सॅम फार धांदरट आहे. नंतरच्या दहा आठवड्यांत त्यांना चार वेळा सूचक प्रश्न विचारले: सॅमने पुस्तक फाडलं तेव्हा तो रागात होता की चुकून फाटलं? शेवटी वेगळ्याच माणसाने विचारलं, तेव्हा या गटातल्या तीन-चार वर्षांच्या 72 टक्के मुलांनी सॅमने काहीतरी खराब केलं असं सांगितलं. मुलाखतींच्या चित्रफिती शंभराहून अधिक तज्ज्ञांना दाखवल्या, तर कोणतं मूल घडलेलं सांगतंय हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. बाबा वाईट आहेत किंवा आई वेडी आहे, हे महिनोन्‌महिने ऐकणारं मूल यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पढवलं गेलेलं असतं.

म्हणून क्रम पाळा. आधी नियम सांगा: "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. मी चुकलो तर मला टोक." नियम कळलाय का ते तपासा. सात वर्षांच्या मुलाला "तू नऊ वर्षांचा आहेस" असं म्हणा आणि ते खोडतंय का बघा. मग खेळ किंवा वाढदिवस अशा बिनमहत्त्वाच्या प्रसंगाचं सविस्तर वर्णन करायला लावा. त्याला सवय होते आणि त्याच्या बोलण्याची नेहमीची तऱ्हा तुम्हाला कळते. मुद्द्यावर आल्यावर "सगळं सांग", "मग काय झालं?" एवढंच. तुमचा प्रश्न आणि मुलाचं उत्तर दोन्ही जसंच्या तसं नोंदवा. फक्त उत्तरं लिहिलेली टिपणं उलटतपासणीत टिकत नाहीत.

आठ वर्षांचं मूल "बाबांचं उत्पन्न स्थिर नाही" असं म्हणालं, तर शब्द मोठ्यांचे आहेत हे उघड आहे. विचारा, "म्हणजे काय?" आणि "हे तुला कसं कळलं?" पण उसने शब्द दिसले म्हणून घटनाच खोटी ठरवू नका. खरोखर मार खाल्लेलं मूलही आईच्या तोंडचे शब्द वापरतं. शब्द कुठून आले आणि प्रसंग घडला का, या दोन नोंदी वेगळ्या ठेवा.

चित्रावरून निदान

घराला खिडकी नाही म्हणून मूल कोंडलेलं, बाबा लहान काढले म्हणून नात्यात दुरावा. माणसाच्या चित्रावरून व्यक्तिमत्त्व वाचायची पद्धत मानसशास्त्रज्ञ मॅकोव्हर यांनी 1949 मध्ये मांडली, पण एकेका खुणेला एकेक अर्थ चिकटवणं संशोधनात टिकलेलं नाही. मुलाला बोलतं करायला चित्र उत्तम, म्हणून कागद-रंग जरूर ठेवा. निष्कर्ष मात्र मूल चित्राबद्दल काय बोललं त्यावरून काढा.

झटपट लेबल

मूल एका पालकाला भेटायला नकार देतंय, म्हणजे दुसऱ्याने मन कलुषित केलं, हा सर्वांत आवडता आडमार्ग. मनोविकारतज्ज्ञ गार्डनर यांनी 1985 मध्ये याच कल्पनेला 'पालक-दुरावा सिंड्रोम' असं नाव दिलं, पण 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मार्गदर्शिकेत, ते निदान म्हणून नाही. नकारामागे हिंसा, धाक, तुटलेला सहवास, नवा जोडीदार किंवा नुसता कंटाळाही असू शकतो. प्रत्येक शक्यतेसाठी बाजूने आणि विरुद्ध काय मिळालं ते लिहा, हिंसेची शक्यता सगळ्यात आधी तपासा.

बाकीच्या चुका

एकाच पालकाला भेटून ताब्याची शिफारस करू नका. ज्याला भेटलाच नाहीत त्याच्या पालकत्वावर मत द्यायचा अधिकार तुम्हाला नाही.

मुलाला एकदा आईने आणावं, एकदा वडिलांनी. दोन्ही भेटींतला फरक हीच माहिती आहे. दाराशी निरोप घेतानाची पाच मिनिटं नीट बघा.

प्रत्येक पालकासोबत मुलाला किमान तासभर पाहा, आणि त्यात एखादं जरा कठीण काम द्या. नुसत्या खेळात सगळेच छान दिसतात.

एमएमपीआय या व्यक्तिमत्त्व तपासणाऱ्या प्रश्नावलीत ताब्यासाठी लढणाऱ्या पालकांचे एल आणि के गुण, म्हणजे स्वतःला चांगलं दाखवायचा कल मोजणारे गुण, सर्रास वाढलेले असतात. अशा वेळी चांगलं दिसायची धडपड स्वाभाविक आहे, त्यावरून कोणाला खोटारडं ठरवू नका.

मुलावर उपचार करत असाल तर मूल्यमापन दुसऱ्याकडे सोपवा.

आणि "हे आपल्या दोघांतच राहील" असं कधीही म्हणू नका. अहवाल न्यायाधीश, दोन्ही वकील आणि आईवडील वाचतात. पहिल्याच भेटीत सांगा, "तू बोलशील ते मी लिहिणार आहे आणि ते मोठी माणसं वाचतील." भेट संपताना विचारा, "यातलं काय कोणी वाचलं तर तुला भीती वाटेल?" मुलाने बोट ठेवलेला भाग अहवालात कसा मांडायचा ते लिहायला बसण्यापूर्वी ठरवा. त्यात धोक्याची खूण असेल, तर मूल त्या घरी परतायच्या आत न्यायालयाला आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.