सुट्टीत इनहेलर चुकू नये म्हणून

शाळा बंद झाली की घरातलं वेळापत्रक सैलावतं आणि दमा असलेल्या मुलाचा सकाळचा इनहेलर हमखास राहून जातो. मूल छान खेळतंय म्हणून रोजचा इनहेलर मनाने थांबवू नका. बहुतेकदा त्याच्यामुळेच ते खेळत असतं. तो टूथब्रशशेजारी ठेवा. आधी इनहेलर, मग दात. रोजचा इनहेलर बहुतेकदा स्टेरॉइडचा असतो आणि त्यानंतर चूळ भरणं गरजेचंच असतं, तेही त्यात होऊन जातं.

स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची प्लास्टिकची नळी, धुतल्यावर फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आतच चिकटतं. हे मला फार उशिरा कळलं. आणि उन्हात उभ्या गाडीत इनहेलर कधीच नको. बहुतेक इनहेलर ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचे असतात.