इंग्रजी शब्द पाठ करताय? मग या चुका टाळा

दोनशे पानी वही, मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. मराठी मीडियमवाल्यांकडे अशी एक वही असतेच, माझ्याकडे तर तीन होत्या, तिन्ही भरल्या तरी बोलायची वेळ आली की ततपप. घोळ त्या मधल्या रेघेत होता, म्हणजे एका शब्दासमोर एकच अर्थ लिहायच्या सवयीत.

उलटं करून बघा ना. एखाद्या इंग्रज माणसाने वहीत 'लागणे' लिहिलं तर समोर काय लिहील बिचारा? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, खोबरं खवट लागतं, पुण्याहून मुंबईला जायला तीन-चार तास लागतात आणि वर ती बाई माझी मावशी लागते. त्याचं जे होईल तेच आपलं 'गेट' आणि 'रन'चं होतं. 'रन' म्हणजे पळणे एवढंच पाठ असलं की 'शी रन्स अ शॉप', म्हणजे ती दुकान चालवते, हे वाचून बाई दुकान घेऊन पळताना दिसते. म्हणून शब्द सुटा लिहूच नका, वाक्यासकट लिहा आणि वाक्य आपल्या घरातलं, ओळखीचं घ्या, अर्थ आपोआप चिकटतो.

दुसरी चूक जास्त छळते. मराठीत एकच शब्द, इंग्रजीत दोन. आपण नुसतं 'ऐकतो', त्यांच्याकडे कानावर पडलं की 'हिअर' आणि कान देऊन ऐकलं की 'लिसन'. आपलं उसनं घेणं-देणं दोन्ही 'उसनं'च, त्यांच्यात घेणारा 'बॉरो' करतो, देणारा 'लेंड'. आणि आठवण! मी एकदा सरांना 'प्लीज रिमेंबर मी टुमॉरो' म्हणालो, म्हणायचं होतं उद्या आठवण करा, अर्थ झाला उद्या माझी आठवण काढा. तिथे 'रिमाइंड' पाहिजे होतं. असे शब्द जोडीनेच शिका.

मराठीत येऊन मुरलेले इंग्रजी शब्दही दगा देतात. आपण हॉटेलात मिसळ खातो, पण लंडनमध्ये हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, नुसतं जेवायचं तर 'रेस्टॉरंट'. तसंच 'आय हॅव अ डाऊट' आपल्या वर्गात चालतं, बाहेरच्याला मात्र तुमचा विश्वास नाही असं वाटू शकतं, सरळ 'क्वेश्चन' म्हणा.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो, स्पेलिंगवर जाऊ नका, डिक्शनरी अॅपमधलं स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका. कर्ज या अर्थाच्या 'डेट'च्या (debt) स्पेलिंगमधला बी कुणी बोलत नाही, तो लॅटिन 'डेबिटम'शी नातं दाखवायला मागून घुसवलेला.

आता सगळ्यात कॉमन तक्रार, पाठ केलेलं राहत नाही. एका दिवसात 50 शब्द कोंबले तर कसं राहणार? हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरणं मोजलं होतं, 1885 मध्ये ते छापलं, त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीलाच धडाधड होतं आणि मग मंदावतं. म्हणजे दहाच शब्द घ्या पण उद्या बघा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. नुसतं वाचू मात्र नका, वाचताना सगळंच येतंय असं वाटतं. इंग्रजी बाजू हाताने झाका, मराठी बघून शब्द आठवा, आणि जिभेवर येऊन अडला तर फार ताटकळू नका, हात काढून बघा.