फायबर सिमेंट बोर्डाला पुन्हा रंग देताना आधी कडा बघा

मुंबईत बाहेरच्या फायबर सिमेंट बोर्डाचा (सिमेंट आणि तंतूंपासून बनवलेल्या पत्र्यासारख्या फळीचा) रंग सुटतो तो बहुतेक वेळा कडेपासून. कापलेली कड उघडी राहिली की ती पावसाळाभर पाणी पिते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती ओल बाहेर पडताना रंगाला फोड आणते. म्हणून खालच्या आणि खिडकीलगतच्या कडा बोटाने चाचपा. कड फुगून पापुद्रे सुटत असतील तर तो बोर्डच बदला, रंगाने तो वाचत नाही.

काम दिवाळीनंतर काढा. भिंतीला आधी दोन-तीन आठवडे ऊन मिळायला हवं.

जुना बोर्ड कसला आहे हे माहीत नसेल, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच (ज्याचे बारीक तंतू श्वासातून गेले तर घातक ठरतात) आहे असं धरून चाला: घासणं, भोकं पाडणं, प्रेशर वॉशर मारणं सगळं बंद, आधी तपासणी. साध्या फायबर सिमेंटच्या धुळीतही सिलिका असते. ती फुप्फुसांत साचते, त्यामुळे कोरडं घासू नका. सुटलेला रंग पत्तीने अलगद काढा, कडा 120 नंबरच्या वॉटर पेपरने ओल्या घासा आणि कारागिरांना एन-95 मास्क द्याच.

शेवाळाला एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. तारेचा ब्रशही नको, त्याचे कण अडकून गंजाचे डाग उमटतात. वर्सोवा-वरळीसारख्या समुद्रालगतच्या भागात मिठाचा थर बसतो, तिथे गोड्या पाण्याने पुन्हा एकदा धुवा आणि गंजलेले स्क्रू काढून 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे लावा. मग दोन दिवस वाळू द्या. काळं फडकं फिरवून बघा: पांढरी भुकटी लागली तर पुन्हा धुवा.

सांध्यांत सिमेंटची पुट्टी भरू नका. बोर्ड उन्हा-पावसात हलतो आणि पुट्टीला तडा जातो. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर रंग धरत नाही. रंग चढणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. बोर्डावर बोर्ड चढलेल्या ठिकाणची खालची फट मात्र मोकळीच ठेवा, मागे शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

500 चौरस फुटांना साधारण 5 ते 6 लिटर क्षाररोधक प्रायमर आणि दोन हातांसाठी 10 लिटर शुद्ध अ‍ॅक्रिलिक एक्स्टीरियर इमल्शन लागतं. ऑइल पेंट नको, सिमेंटच्या क्षाराने त्याचा साबण होतो. उघड्या कडांना ब्रशने प्रायमरचे दोन हात द्या. इमल्शनच्या दोन हातांत चार ते सहा तास जाऊ द्या. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे तापलेल्या बोर्डावर रोलरचे पट्टे उठत नाहीत. हिवाळ्यात चारनंतर नवा हात सुरू करू नका, ओला रंग रात्रीच्या दवात सापडतो.

परांची उतरवण्याआधी खालच्या कडेखाली छोटा आरसा धरा. करडी रेघ दिसली, तर तिथे ब्रश पोचलेला नाही.