पेट्रोलवरचं मॉडेल विमान: डबा, नळी आणि पंप घेताना या चुका टाळा

गेल्या डिसेंबरात सासवडच्या पुढच्या माळावर माझ्या वीस सीसीच्या विमानाने एकाच सकाळी तीनदा मान टाकली. जमिनीवर इंजिन झकास चालायचं. वर जाऊन नाक उचललं की घरघर, मग शांतता. मी आपला कार्बोरेटरच्या सुया फिरवत बसलो होतो. शेवटी आमच्या मैदानावरचे काका शेजारी येऊन उकिडवे बसले. त्यांचं आयुष्य भोसरीत फिटर म्हणून गेलं. "अरे, इंजिनाला कशाला छळतोस? आधी तुझा पेट्रोलचा डबा उघड."

उघडला. आतल्या नळीचं टोक चिमटीत धरलं तर भिजलेल्या शेवईसारखं लिबलिबीत, आणि बोटाला काळा चुरा. कार्बोरेटरमध्ये करंगळीच्या नखाहून लहान अशी एक जाळी असते. सगळा चुरा तिच्यावर जाऊन बसला होता. हळू चालताना लागतं तेवढं पेट्रोल त्यातून झिरपायचं, फुल थ्रॉटलला पुरायचं नाही. दुकानदाराने "पेट्रोलला चालते की" म्हणत दिलेली ती काळी रबरी नळी होती. मीही विचारलं नव्हतं, कोणत्या रबराची.

'गॅस' म्हणजे आपला गॅस नव्हे

परदेशी कॅटलॉगात 'गॅस इंजिन' म्हणजे पेट्रोलचं. ग्लो इंजिन वेगळं, ते मिथेनॉलवर चालतं. दोन्हींचं सामान दुकानात एकाच खणात पडलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. ग्लोसाठी वापरतात ती सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, सैल होते आणि नेमकी हवेत असताना निपलवरून सुटते. टाकीच्या बुचाचंही तेच. ग्लोचं बूच पेट्रोलच्या टाकीला लावलं तर काही दिवसांत मऊ पडून गळायला लागतं. पेट्रोलला पिवळी टायगॉन किंवा व्हायटॉनची नळी घ्या, बूचही पेट्रोलचंच मागा. डब्यातून टाकी भरायच्या पंपावरसुद्धा तो कोणत्या इंधनासाठी आहे ते वाचा, कारण आतली सीलं वेगळी असतात.

पुण्यात नाना पेठेत मिळणारी बाइकची पेट्रोल नळी डब्यापासून पंपापर्यंत चालते. विमानाच्या टाकीत क्लंकला (नळीच्या टोकाचं वजन, विमान कसंही झुकलं तरी ते पेट्रोलात बुडून राहतं) मात्र ती लावू नका, फार ताठ असते. टायगॉनही हळूहळू कडक होतेच, म्हणून मी दर दिवाळीला टाकीतला तुकडा बदलतो. नळी सुटू नये म्हणून टाकीच्या पितळी नळकांडीच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे घालून सोल्डरचा डाग द्या. तेवढा उंचवटा पुरतो. वर केबल टाय.

डबा

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणणारे महाभाग अजून भेटतात. पेट्रोल पंपावरचा माणूस नाही म्हणाला की वाद घालतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं. पण भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचं आणि घट्ट बुचाचं हवं. काचेचं आणि चिनी मातीचं एक लिटरपर्यंत, धातूचं पंचवीसपर्यंत. त्या यादीत प्लास्टिक नाही.

बोहरी आळीत पत्र्याचे डबे हवे तेवढे मिळतात. घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. गंजाचा एक ठिपका दिसला तरी परत ठेवा, पुढे तो जाळीवरच येणार आहे. झाकणाचा वॉशर काढून पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून पाहा. (आमच्यातल्या एकाने घरची दुधाची स्टीलची किटली आणली होती. गंज नव्हता, खरं. पण झाकण नुसतं वर ठेवलेलं, आणि घरी काय झालं ते तो सांगत नाही.)

पाच लिटरचा डबा स्वस्त वाटतो, पण मी दोन लिटरचाच घ्या म्हणेन. हल्ली पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये अर्धा भरलेला डबा बाल्कनीत राहिला आणि आपण थेट ऑक्टोबरात उघडला, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर झालेला असू शकतो. इंजिनाच्या वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. पंपाची नळी तळातून ओढते आणि विमानाच्या टाकीतला क्लंकही तळाशीच लोळतो. म्हणजे इंजिनाला जातं ते बिनतेलाचं पाणचट मिश्रण, आणि पिस्टन घासला जातो. जुनं इंधन आधी काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरा. खाली रेघ दिसली तर ते वापरू नका.

चेतक चालवलेल्यांना तेलाचा हिशोब शिकवायला नको. बाकीच्यांसाठी: पेट्रोल आणि तेल ३२:१ म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली तेल, ५०:१ म्हणजे २० मिली. इंजिनाच्या कागदावर असेल तेच धरा. सिरिंजने मोजा, झाकणाने अंदाजे नको. डब्यावर प्रमाण आणि तारीख लिहा.

पेट्रोल पंपावर भरताना डबा जमिनीवर ठेवा, डिकीत किंवा स्कूटरच्या सीटवर नको. नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं असू द्या, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची भीती कमी.

पंप

मी हाताने फिरवायचा गिअर पंप वापरतो आणि नवख्यांनाही तोच सुचवतो. आपल्या टाक्या लहान, मिनिटाभरात भरतात. बॅटरीचा पंप आरामाचा खरा, पण त्याच्या साध्या ब्रश मोटरमध्ये ठिणग्या उडतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, पेटीच्या तळाशी साचून राहते. डबा, पंप आणि स्टार्टरची बॅटरी एकाच बंद लाकडी पेटीत बसवलेली पाहिली की मी चार पावलं लांब उभा राहतो. घ्यायचाच असेल तर पंप पेटीच्या बाहेर बसवा आणि वायर जोडणं-सोडणं डब्यापासून लांब करा.

पंप फिरतोय पण पेट्रोल येत नाही? बहुतेक वेळा डब्याचा हवेचा व्हेंट बंद असतो. डबा आत दबला की समजायचं. उलट, भरून झाल्यावर व्हेंट उघडाच राहिला तर दमट हवा आत जाते. नळीत बुडबुडे दिसले तर पंपाच्या आधीचा एखादा जोड हवा खातोय. पंप थांबवल्यावरही पेट्रोल वाहत राहिलं तर डबा विमानापेक्षा उंच ठेवला आहे, खाली घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात तर बंद डब्यात दाब होऊन तो आपणहून ढकलतो, म्हणून नळीच्या टोकाला बूच हवंच.

कार्बोरेटरच्या नळीतून टाकी भरू नका. पंपाच्या दाबाने पेट्रोल आतल्या सुईला न जुमानता इंजिनात शिरतं. मग पंखा हाताने फिरवताना मध्येच अडतो. अशा वेळी स्टार्टर अजिबात लावू नका, आतला रॉड वाकेल. प्लग काढा, विमान उलटं करा, वाहू द्या. कार्बोरेटरची आणि हवेची अशा दोन नळ्या सोडून भरण्यासाठी वेगळी, तिसरी नळी ठेवा.

शेवटचं फिल्टरबद्दल. उड्डाणं संपली की आपण तोच पंप उलटा फिरवून टाकी रिकामी करतो. तेव्हा टाकीतला कचरा फिल्टरच्या एका बाजूला अडकतो आणि पुढच्या रविवारी भरताना इमानेइतबारे पुन्हा टाकीत जातो. मी भरायच्या नळीलाच फिल्टर लावतो. उरलेलं इंधन दुसऱ्या नळीने छोट्या वेगळ्या डब्यात काढतो.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी काही न बोलता माझं विमान उचललं आणि कानाशी हलवलं. आत क्लंक खट् खट् वाजला. जोरात नाकावर उतरल्यावर कडक झालेली नळी दुमडून क्लंक टाकीच्या पुढच्या टोकाला अडकून बसतो, तेव्हा हा आवाज येत नाही. "हं," म्हणाले, "आता उडव."